मळ्यातला कुत्रा रात्री कुठं झोपतो?

कराड तालुक्यातल्या एका वस्तीवरून आलेला प्रश्न असा आहे. घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. गावठी आणि अल्सेशियन क्रॉसचा तीन वर्षांचा कुत्रा, रात्री गोठ्याच्या भिंतीला साखळीनं बांधलेला. मागच्या पावसाळ्यात त्याला गोचीडताप झाला आणि तो जेमतेम वाचला. आता ऊसतोड सुरू झाली आहे, शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं उचललं, आणि फडात बिबट्याची पिल्लं दिसल्याचं ऊसतोडीच्या टोळीतले लोक सांगतात. त्यांनी विचारलंय: गोचिडांसाठी कुठलं इंजेक्शन चांगलं, साप येऊ नये म्हणून अंगणात काय टाकावं, आणि बिबट्याचं काय करावं?

मी याच पट्ट्यात, कराड-पाटणच्या मधल्या गावांत, जनावरांची प्रॅक्टिस करतो. गाई-म्हशींच्या बरोबरीनं मळ्यातली कुत्री रोज बघतो. तुमचे प्रश्न तीन असले तरी मला त्यात एकच प्रश्न दिसतो: हा कुत्रा रात्रीचे दहा-बारा तास कुठं आणि कसा असतो? गोठ्याची भेगाळलेली भिंत, शेजारी कडब्याची गंजी, समोर रात्रभर तशीच पडलेली भाकरीची थाळी, गळ्यात साखळी आणि पलीकडे ऊस. मळ्यातल्या बहुतेक घरी हेच चित्र असतं, आणि गोचीड, साप, बिबट्या या तिघांनाही ते सोयीचं असतं. औषधं सांगतोच, पण जागा तीच ठेवून दिलेलं औषध दर वर्षी पुन्हा द्यावं लागतं. बिबट्यावर तर औषधच नाही.

काही गोष्टी तुमच्या लिहिण्यात नाहीत आणि सल्ला त्यांच्यावर थोडा बदलतो. ऊस घरापासून किती लांब आहे, कुत्रा मोकळा सोडला तर घरापाशी थांबतो की रानभर फिरतो, मागच्या आजारात रक्त तपासलं तेव्हा नेमकं काय निघालं होतं, आणि त्याला कधी फिट आली होती का. फिटचं उत्तर गोळी निवडताना लागतं.

आधी गोचीड. गोठ्यातल्या गाई-म्हशींच्या गोचिडी कुत्र्यावर चढतात असं बहुतेक जण धरून चालतात. तसं क्वचितच होतं. गाईवरची नेहमीची गोचीड एकदा चढली की लहानाची मोठी त्याच जनावरावर होते, अंडी घालायलाच काय ती खाली उतरते. कुत्र्याची तपकिरी गोचीड वेगळी. ती रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते आणि पुन्हा कुत्र्यावर येते. मोठी होईपर्यंत हे असं चालतं. शेवटी टम्म फुगलेली मादी भिंतीवरून वर चढत जाते आणि एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते. आज रात्री बॅटरी घ्या आणि कुत्रा ज्या भिंतीला टेकून झोपतो ती नीट बघा. त्याच्या पाठीच्या उंचीपेक्षा वर, विटांच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे, पत्र्याखालच्या वाशाच्या खोबणीत तिळाएवढे, मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतील. काडीनं फट उकरली की त्यांची वाळकी, पोकळ सालं गळून पडतात. अंगावर दिसतात त्याच्या कितीतरी पट गोचिडी इथं असतात. अंगावरच्या वेचून मारल्या आणि या तशाच ठेवल्या, तर थोड्याच दिवसांत कुत्रा पुन्हा भरतो.

म्हणून पहिलं काम गवंड्याचं आहे. भेगा सिमेंटनं बुजवा, भिंत गुळगुळीत करून घ्या. खालचं जुनं गोणपाट जाळून टाका. मग जागेवर फवारणी करा. कुठलं औषध आणि पाण्यात किती, ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. फवारताना कुत्रा लांब हवा आणि जागा पूर्ण वाळल्याशिवाय त्याला तिथं आणायचं नाही. अंड्यांवर फवारणीचा परिणाम कमी होतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागतं. हा दुसरा हात बहुतेक लोक मारत नाहीत आणि औषध बोगस होतं म्हणतात.

कुत्र्यासाठी मी इंजेक्शनपेक्षा खायची गोळी पसंत करतो. एक प्रकार महिनाभर चालतो, दुसरा साधारण तीन महिने. मळ्यातलं कुत्रं पाटात बसतं, चिखलात लोळतं, त्यामुळे पाठीवर टाकायचं औषध त्याच्यावर टिकत नाही. गोळी वजनावर ठरते आणि महाग असते. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती देताना फार विचार करावा लागतो, म्हणून वर तो प्रश्न विचारला. सुरुवात पाडव्याच्या सुमारास करा, पाऊस सुरू झाल्यावर नाही. दिवाळीपर्यंत खंड पडू देऊ नका.

इंजेक्शन म्हणजे तुमच्या मनात आयव्हरमेक्टिन असणार. गाईसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजानं कुत्र्याला टोचायची पद्धत आपल्याकडे फार आहे. कुत्र्याला झेपेल एवढ्या मात्रेत त्याचा गोचिडांवर भरवशाचा परिणाम होत नाही. मेंढपाळी जातींच्या काही कुत्र्यांत ते मेंदूत शिरतं. कुत्रं झोकांड्या खातं, आंधळं झाल्यासारखं वागतं, बेशुद्ध पडतं. तुमच्या कुत्र्यात अल्सेशियनचं रक्त आहे, त्याच्यावर हा प्रयोग करू नका. गाईवर फवारायचं औषधही कुत्र्याला चोळायचं नाही, ते चाटून पोटात जातं. घरात मांजर असेल तर आणखी जपा. कुत्र्यावर चालणारी परमेथ्रिन आणि अमिट्राझची औषधं मांजराचा जीव घेतात.

गोचीडताप म्हणतात त्यात निदान दोन वेगळे आजार असतात. एर्लिचियाचा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत वाढतो, बबेसियाचा तांबड्या पेशी फोडतो. ताप, खाणं सोडणं, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या हे दोन्हींत दिसतं. नाकातून रक्त आलं तर संशय एर्लिचियाकडे जास्त जातो, लघवी काळ्या चहासारखी झाली तर बबेसियाकडे. एर्लिचियाला डॉक्सिसायक्लिन लागतं आणि ते साधारण चार आठवडे द्यावं लागतं. पाचव्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागतं आणि गोळ्या फडताळात राहतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. बबेसिया एवढ्यानं जात नाही, त्याची औषधं वेगळी आहेत. शिवाय बरं झालेल्या कुत्र्याच्या अंगात जंतू दबून राहू शकतात. म्हणून आता थंडीतच, कुत्रा ठणठणीत असताना, त्याचं रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचे आजचे आकडे हाताशी असले तर पावसाळ्यात आजारी पडल्यावर तुलना करता येते.

आता साप. अंगणात टाकण्यासारखं, सापाला खरोखर रोखणारं काहीही नाही. फिनेल, रॉकेल, डांबरगोळ्या, कार्बोलिकच्या बाटल्या सगळं लोक करतात आणि साप त्यावरून जातो. फिनेलनं मांजराला विषबाधा होते, कुत्र्याचे तळवे भाजतात. थिमेट म्हणून आपण ओळखतो ते फोरेट काही जण घराभोवती पेरतात. त्यावर सरकारनं २०२० अखेरपासून बंदी घातली आहे, तरी जुने साठे अजून कुठं कुठं निघतात. त्याची विषबाधा झालेल्या कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग थरथरतं. वेळेत अ‍ॅट्रोपिन मिळालं तर वाचतं. ते घरात असेल तर कृपा करून लहान मुलांच्या, जनावरांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही असं ठेवा आणि कृषी सहायकांना विचारून त्याची विल्हेवाट लावा.

साप उंदरासाठी येतो आणि उंदीर थाळीतल्या भाकरीसाठी, कडब्याच्या गंजीसाठी, पोत्यातल्या भुश्श्यासाठी. ही साखळी थाळीपासून तोडता येते. कुत्र्याला दिवेलागणीला खायला घाला आणि तासाभरात थाळी धुऊन पालथी ठेवा. गंजी, सरपण, शेणींचा ढीग कुत्र्याच्या जागेपासून निदान दहा-पंधरा फूट लांब न्या. जून ते ऑगस्ट हा काळ विशेष जपायचा, कारण घोणशीची आणि नागाची पिल्लं तेव्हा बाहेर असतात. घोणस अंडी घालत नाही, एकदम वीस-तीस जिवंत पिल्लं देते, आणि पिल्लाच्या दातांतही विष असतं.

कुत्र्याला साप चावतो तो बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर, कारण तो हुंगायला जातो. घोणस चावली तर तोंड बघता बघता सुजतं आणि जखमेतून पातळ रक्त गळत राहतं. नाग आणि मण्यार यांत मागचे पाय लुळे पडतात, पापण्या जड होतात, श्वास मंदावतो. मण्यारीचा चावा तर दिसतही नाही. घट्ट आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, हळद-तूप पाजू नका. कुत्र्याला चालवू नका, पोत्यावर घालून उचला, आणि निघतानाच डॉक्टरांना फोन करा म्हणजे ते लस शोधून ठेवतात. माणसासाठी असते तीच प्रतिविष लस कुत्र्याला चालते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर ती काम करते. मात्र कुत्रा लहान म्हणून बाटल्या कमी लागतात असं नाही, सापानं टोचलेलं विष तेवढंच असतं.

साप कुणी बघितला नसेल तर मी एक साधी तपासणी करतो. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती न हलवता वीस मिनिटं ठेवायची आणि मग तिरकी करायची. गोठलेलं रक्त तळाशी घट्ट बसतं. घोणशीच्या विषात ते पाण्यासारखं काठापर्यंत वाहत येतं. मालकासमोर ही नळी तिरकी केली की लस देऊ का, हे विचारावं लागत नाही. पण रक्त गोठलं म्हणजे धोका टळला असं समजू नका. नाग आणि मण्यारीच्या विषात रक्त नेहमीसारखंच गोठतं. एवढ्यासाठीच, लक्षण काही नसलं तरी संशयित कुत्र्याला मी रात्रभर ठेवून घेतो.

बिबट्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण भीती तिथं जास्त आहे. आपल्या भागात ऊस बारा-चौदा महिने उभा असतो. त्यात सावली, पाणी, रानडुकरं, आणि बांधापलीकडे गावची कुत्री. असा बिबट्या उसातच जन्मतो आणि उसालाच जंगल समजतो. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासली होती. खाल्लेल्या मांसात वजनानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या तिथं कुत्र्यांच्या सात पट होत्या, त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. मला त्याचं कारण सरळ दिसतं. शेळी माणूस रात्री कोंडतो आणि कुत्रं बाहेर ठेवतो. साखळीतल्या कुत्र्याला तर पळण्याचीही सोय आपण ठेवत नाही.

फटाक्यांनी बिबट्या शेजारच्या फडात जातो आणि दोन रात्रींनी परत येतो. मादी पिल्लांजवळ असेल तर गोंगाट करत तिच्या अंगावर जाणं माणसाच्या जिवावर बेतू शकतं. पिंजऱ्याची मागणीही लगेच होते. पिंजरा लावायचा की नाही हा निर्णय वनखात्याचा, पण जुन्नर भागातला अनुभव असा आहे की पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले तिथं वाढले. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच, आणि हलवलेला बिबट्या अनोळखी मुलखात बिथरतो.

तुमच्या हातात आहे ते खुराडं, आणि यात काटकसर करू नका असं मी कळकळीनं सांगतो. चार बाय सहा फुटांची जागा पुरते. खाली उताराचा कोबा, दोन फुटांपर्यंत आतून-बाहेरून गिलावा केलेली विटांची भिंत, वर लोखंडी गज आणि जाड वेल्डमेश. कोंबड्यांची जाळी बिबट्या पंजानं फाडतो. गजांमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर तो पंजा आत घालून कुत्र्याला ओढतो. छत लागतंच, कारण बिबट्या वरून उतरतो. दाराला नुसता आकडा नको, कडी-कोयंडा हवा. खुराडं गोठ्यामागे न ठेवता घराच्या दाराजवळ, माणसांची चाहूल राहील अशा भिंतीला लावा. आत जमिनीपासून वीतभर उंच फळी ठेवा, पावसाळ्यात तिचा फार उपयोग होतो. गिलावा केलेल्या या भिंतीत गोचिडीला फट मिळत नाही आणि उंच फळीखाली साप लपला तर लगेच दिसतो. तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर आहे म्हटलं ते यासाठी.

याबरोबर आजूबाजूला बघा. जवळ पोल्ट्री असेल आणि मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या जात असतील तर भटकी कुत्री तिथं जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. त्या पुरायला लावा, त्यासाठी चार शब्द बोलावे लागले तरी बोला. रात्रीची लाईट असताना मोटर चालू करायला जाताना कुत्र्याला सोबत नेऊ नका. कुत्रं पुढं पळतं, बिबट्याला बघून माघारी तुमच्या पायांत येतं आणि बिबट्या त्याच्या मागोमाग.

पिल्लांचं. फडात सापडतं ते प्रत्येक ठिपक्यांचं पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी नावाची अगदी छोटी रानटी मांजर आपल्या उसात राहते आणि तिच्या पिल्लांना लोक हमखास बिबट्याची पिल्लं समजतात. रानमांजराचीही पिल्लं सापडतात. पंजे जाड, डोकं मोठं, शेपूट लांब आणि जाडसर, ठिपके दाट असतील तर बिबट्या. पण ओळखता आलं नाही तरी करायचं तेच आहे. हात लावू नका, त्या कोपऱ्याची तोड थांबवा, सगळे लांब व्हा, आणि वनखात्याला १९२६ वर फोन करा. दिवसा मादी माणसांच्या भीतीनं येत नाही. खात्याचे लोक संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि मादी रात्री येऊन एकेक पिल्लू उचलून नेते. कधी दुसरी रात्र लागते. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हे खरं नाही. गाईचं दूध पाजू नका, त्यानं हगवण लागून पिल्लं मरतात. घरी ठेवलीत तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. माझ्याकडे आणलीत तरी मीही आधी वनखात्यालाच कळवणार. टोळीची लहान मुलं फडाच्या कडेला खोपटांत उघड्यावर झोपतात. मादी आसपास आहे हे कळल्याबरोबर मुकादमाला गाठून ती खोपटं फडापासून लांब हलवायला लावा. कुत्र्याच्याही आधी हे करा.

कुत्रा बिबट्याच्या तावडीतून सुटून आला तर मानेवर चार लहान भोकं दिसतील आणि कुत्रा चालतही असेल. त्यावर जाऊ नका. कातडीखाली स्नायू फाटलेले असतात आणि दोन दिवसांत आत पू होतो. हातमोजे घालून साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी आणा. रेबीजची लस वेळच्या वेळी घेतली असेल तरी बूस्टर द्यावा लागतो. लस घेतलेलीच नसेल तर पाच इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स. मुंगूस, कोल्हा, वानर यांच्या चाव्यालाही हाच नियम. ज्यानं जखम हाताळली त्यानं माणसांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

लसीवरून एक गोष्ट आग्रहानं सांगतो. वर्षाला द्यायच्या एकत्र लशीत डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या दोन विषाणूजन्य आजारांवरच्या लशी असतात. डिस्टेंपर कुत्र्यांतून कोल्ह्यांना, रानकुत्र्यांना, बिबट्यांनाही जाऊ शकतो. गीरमध्ये २०१८ साली मेलेल्या सिंहांमध्ये हाच विषाणू सापडला होता. आपण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या उंबऱ्यावर राहतो, तेव्हा तुमच्या कुत्र्याची लस कोयनेच्या जंगलातल्या जनावरांच्याही उपयोगाची आहे. याच लशीत लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, भाग असलेला प्रकार मागून घ्या. २०१९ आणि २०२१ सारखा कृष्णा-कोयनेचा पूर आला की उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं पाणी अंगणात येतं, आणि लेप्टो कुत्र्याकडून माणसाला होतो. गोठ्यातल्या जनावराची अडचण असेल तर १९६२ ला फोन केल्यावर फिरता दवाखाना येतो.

उन्हाळ्याचं थोडक्यात. खुराड्याचा पत्रा एप्रिलमध्ये तापतो, त्यावर ओलं गोणपाट टाका आणि दिवसा कुत्र्याला झाडाखाली ठेवा. जीभ जांभळट, धाप थांबत नाही, पाय अडखळतात असं दिसलं तर पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओता, वारा घाला आणि निघा. बर्फ नको.

हे सगळं ऐकल्यावर मळ्यातला प्रत्येक जण एकच विचारतो: रात्री कुत्रं कोंडलं तर राखण कोण करणार? कुत्र्याची राखण म्हणजे त्याचं भुंकणं. खुराड्यातूनही त्याला वास येतो, चाहूल लागते आणि तो भुंकतो. साखळीला असतानाही त्याला चोराच्या अंगावर जाता येतच नव्हतं. सुरुवातीला तो आत ओरडेल, दार खरवडेल. त्याला संध्याकाळचं खाणं खुराड्यातच घाला, पहिले काही दिवस दार उघडंच ठेवा, मग खाताना लोटून घ्या, मग कडी लावा. आठ-पंधरा दिवसांत तो दिवेलागणीला आपणहून आत जायला लागतो. तोड तुमच्या बांधापर्यंत येण्याआधी हे झालेलं बरं. ऊस पडायला लागला की बिबट्याची लपायची जागा कमी होत जाते आणि तो वस्त्यांच्या आणखी जवळून फिरतो.